कार्बनची डोलकाठी निवडताना: शर्यतीच्या डिंगीसाठी नवख्यांना मार्गदर्शन

डिंगीच्या, म्हणजे छोट्या शिडहोडीच्या, शर्यतींत एखाद-दुसरा मोसम काढला की बहुतेकांच्या मनात कार्बन तंतूंच्या डोलकाठीचा विचार घोळू लागतो. वाऱ्याचा झोत आला की शेजारची होडी सरळ पुढे सुटते, आपली आधी कलते आणि मग पळते. या फरकात डोलकाठीचा वाटा मोठा असतो, हे खरंच आहे. मात्र चौकशी सुरू केली की सगळ्यांत आधी कानावर पडतं ते वजन. अमुक काठी इतकी हलकी, तमुक इतकी ताठ. नवख्या खलाशांना मला आग्रहाने सांगायचं आहे ते हे, की डोलकाठी घेताना आपण मुळात तिचा वाक घेत असतो. किती वाऱ्यात, किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला ती किती लवते, हा तिचा स्वभाव. तो तुमच्या अंगाच्या वजनाशी आणि शिडाच्या कापाशी जुळला, तरच हलकेपणाचा फायदा हाती लागतो. नाही जुळला तर ताफ्यातली सर्वांत हलकी काठीसुद्धा तुम्हाला मागेच ठेवते.

पहिली पायरी: क्लासचे नियम वाचा

पैशांचा हिशेब करण्याआधी आपल्या क्लासचे, म्हणजे एकाच प्रकारच्या होड्यांच्या गटाचे, नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढा. ४२० या क्लासमध्ये डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमचीच लागते, त्यामुळे तिथे कार्बनचा प्रश्नच येत नाही. ४९ईआर (49er) क्लासमध्ये २००९ पासून कार्बनची डोलकाठी आली, पण ती सगळ्यांना एकाच आराखड्याची. आरएस एअरोची डोलकाठी सुरुवातीपासूनच दोन तुकड्यांची आणि कार्बनची आहे. तिथे तुम्ही निवडता तो शिडाचा आकार आणि त्याला साजेसा रिग, म्हणजे डोलकाठी, शीड आणि दोऱ्यांचा संच. अशा क्लासात या लेखातला जुनी डोलकाठी तपासण्याचा भाग तुमच्या जास्त कामाचा.

खरी निवड असते ती फिन, ओके, इंटरनॅशनल १४, मॉथ यांसारख्या क्लासांत. फिनमध्ये लाकडाच्या डोलकाठ्यांनंतर अ‍ॅल्युमिनियमच्या आल्या आणि १९९० च्या दशकात कार्बनच्या. तेव्हापासून खलाशाच्या वजनाप्रमाणे डोलकाठी घडवून घेणं ही तिथली रीतच होऊन गेली. अशा क्लासात पाय ठेवताना पर्याय बरेच असतात आणि गोंधळही तितकाच.

नियम वाचताना साहित्याबरोबर आणखी एक गोष्ट शोधा. डोलकाठीचं किमान वजन, टोकाचं किमान वजन किंवा गुरुत्वमध्याची किमान उंची यांपैकी काही ठरवून दिलेलं आहे का? असेल, तर त्याहून हलकी काठी घेऊन उपयोग नाही. मोजणीच्या वेळी तिच्यावर भरपाईचं वजन बसवावं लागतं, आणि ज्या हलकेपणासाठी पैसे मोजले तो तिथेच संपतो. शर्यतीच्या नियमावलीतला नियम ७८ होडी क्लासच्या नियमांत बसते की नाही याची जबाबदारी मालकावर आणि होडी चालवणाऱ्यावर टाकतो. ‘विकणाऱ्याने चालेल म्हणून सांगितलं होतं’ हे निषेधाच्या सुनावणीत कामी येत नाही. घेण्याआधी क्लासच्या मेजररला, म्हणजे होड्यांची मोजणी करणाऱ्याला, विचारा.

दुसरी पायरी: कार्बनने नक्की काय बदलतं ते समजून घ्या

अ‍ॅल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम, तर कार्बन-एपॉक्सीची सुमारे १.६. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा, म्हणजे त्याचा मॉड्युलस, सुमारे ७० गिगापास्कल. नेहमीच्या प्रतीच्या कार्बन तंतूचा सुमारे २३०. रेझिन मिसळून सगळे तंतू एकाच दिशेने लावले तरी लॅमिनेटचा, म्हणजे तंतू-रेझिनच्या थरांचा, मॉड्युलस १३०-१४० च्या आसपास भरतो. म्हणजे कमी वजनात जास्त ताठपणा मिळतो आणि, माझ्या मते त्याहून मोलाचं म्हणजे, तंतू कुठे आणि कोणत्या दिशेने लावायचे हे बनवणाऱ्याच्या हातात येतं. अ‍ॅल्युमिनियमची नळी ओढून काढताना भिंत जागोजागी जाड-बारीक करता येत नाही. कार्बनची काठी मात्र खालून ताठ, वरून मऊ, आडवी कणखर आणि पुढे-मागे लवचिक अशी हवी तशी घडवता येते.

वजन वाचतं ते उंचावर, आणि तिथेच ते वाचायला हवं. होडीला कलवणारा परिणाम उंचीच्या पटीत वाढतो, पण लाटांवर नाक वर-खाली होण्याला जो जडपणा कारणीभूत असतो तो उंचीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ५ मीटरवरचं १०० ग्रॅम वजन १ मीटरवरच्या १०० ग्रॅमपेक्षा या बाबतीत २५ पट जाचक ठरतं. म्हणून दोन काठ्यांची तुलना करताना नुसतं एकूण वजन विचारू नका, गुरुत्वमध्य कुठे आहे तेही विचारा. बुडाशी जाड आणि टोकाला बारीक असलेली काठी एकूण वजनात थोडी जड असूनही पाण्यावर हलकी वाटू शकते.

आता झोताकडे या. झोत आला की डोलकाठीचं टोक मागे आणि वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो त्या दिशेला, लवतं. शिडाचा मधला भाग चपटा होतो, मागची कड म्हणजे लीच वरून उघडते आणि जादा वारा सोडून देते. झोत सरला की टोक परत येतं. कार्बनची काठी हे झटकन करते, कारण हलवायला वजनच कमी असतं. शीट, म्हणजे शीड ताणून धरणारी दोरी, सैल करायला हात पोचण्याआधी काठीने अर्धं काम उरकलेलं असतं. मात्र हे चांगलं तेव्हाच, जेव्हा ती तुमच्या वजनाला योग्य त्या झोतात लवते.

तिसरी पायरी: स्वतःचं वजन आणि पद्धत

वजन करा, आणि ते शर्यतीच्या पेहरावासह करा. दोघांची होडी असेल तर दोघांचं मिळून. हायकिंग करता (काठावर बसून बाहेर झुकता) की ट्रपीझवर जाता (डोलकाठीच्या तारेला लटकून बाहेर उभे राहता), उंची किती, तासभर पूर्ण ताकदीने बाहेर झुकून राहता येतं का, हे सगळं लिहून ठेवा. होडी सरळ ठेवण्याची तुमची जितकी ताकद तितकी ताठ डोलकाठी तुम्ही झेलू शकता. जड खलाशी मऊ काठी वापरतो तेव्हा ती फार लवकर लवते, शिडातली ताकद निघून जाते, आणि हलक्या खलाशांपेक्षा जास्त असलेलं त्याचं बळ वाया जातं. हलक्या खलाशाच्या हाती ताठ काठी आली तर मध्यम वाऱ्यातच त्याला सतत शीट सोडत बसावं लागतं.

या बाबतीत नवख्यांच्या हातून एकच चूक पुन्हा पुन्हा होते. अजिंक्यपदाच्या शर्यतीत पहिला आलेला खलाशी जी काठी वापरतो तीच ते मागतात. तो तुमच्यापेक्षा १५ किलोने जड असेल आणि रोज तीन तास हायकिंगचा सराव करत असेल, तर त्याची काठी तुमच्यासाठी चुकीची आहे. त्यापेक्षा आपल्या वजनाचा, ताफ्यात नेहमी मध्याच्या पुढे असणारा खलाशी शोधा आणि त्याला विचारा. काठीचं मॉडेल, वाकाचे आकडे, शीड कोणाचं आणि कोणत्या कापाचं. शर्यतीनंतर किनाऱ्यावर बहुतेक खलाशी हे मोकळेपणाने सांगतात. दोन आकड्यांमध्ये अडकलात तर मी मऊ बाजूला झुकायला सांगेन. शिकण्याच्या काळात, झोत माफ करणारी काठी जास्त शिकवते.

चौथी पायरी: वाक मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे घाई नको.

वाक मोजायची साधी पद्धत अशी. डोलकाठी आडवी ठेवून दोन टोकांना आधार द्यायचा. श्राउडवाली, म्हणजे बाजूच्या तारांनी धरलेली, काठी असेल तर एक आधार बुडाशी आणि दुसरा हाउंडपाशी, म्हणजे जिथे श्राउड अडकतात तिथे. मग ठरलेलं वजन, साधारण १० किलो, मध्यभागी टांगायचं आणि काठी किती खाली आली ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. वजन टांगण्याआधीचं माप आधी घ्यायचं आणि नंतरच्या मापातून वजा करायचं, म्हणजे काठीचा स्वतःचा झोळ हिशेबातून निघून जातो. मोजायचं तीन ठिकाणी: खालच्या पाव लांबीवर, मध्यावर आणि वरच्या पाव लांबीवर. नंतर काठी पाव फेरी फिरवून आडव्या दिशेचं माप घ्यायचं. श्राउड नसलेल्या, डेकमधून उभ्या राहणाऱ्या काठीचं बूड आणि डेकची जागा पक्की धरून टोकालाही वजन लावून पाहतात.

आकडा मोठा म्हणजे काठी मऊ, लहान म्हणजे ताठ. इथे एक सावधगिरी पाळा. आधारांमधलं अंतर, वजन आणि मोजण्याच्या जागा सारख्या असतील तरच दोन आकड्यांची तुलना होते. वाक लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो. आधारांमधलं अंतर १० टक्के जास्त घेतलं की तीच काठी सुमारे ३३ टक्के जास्त मऊ ‘दिसते’. एका कारखान्याचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी मांडून निर्णय घेण्याआधी दोघांनी कसं मोजलं ते विचारा. सांगता येत नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा आणि दोन तिवया, दोरा, टेप आणि वजन घेऊन स्वतः मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे.

नुसत्या मधल्या आकड्यावर थांबू नका. सगळीकडे सारख्या जाडीच्या नळीचा, मध्यावर वजन टांगल्यावर, पाव लांबीवरचा वाक मध्याच्या वाकाच्या ११/१६ म्हणजे सुमारे ६९ टक्के असतो. तुमच्या काठीचा वरच्या पावाचा आकडा याहून जास्त आणि खालच्या पावाचा कमी निघाला, तर काठी वरून मऊ आहे. मध्यावर ५० मिमी वाकणाऱ्या दोन काठ्या घ्या. एकीचा वरचा पाव ३५ मिमी आणि खालचा ३४, दुसरीचा वरचा ३८ आणि खालचा ३२. कागदावर दोघी ‘५०’च्याच, पण पाण्यावर दुसरी वरून लवकर उघडेल, तर पहिली पूर्ण लांबीभर वाकून शिडाचं पोट चपटं करेल. झोताझोताच्या वाऱ्यात हलक्या खलाशाला दुसरी सोयीची. सपाट पाण्यावर, एकसारख्या वाऱ्यात, जड खलाशाला पहिली आवडेल.

आडवा वाक पुढे-मागच्या वाकाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि नवखे त्याकडे सहसा पाहत नाहीत. आडवी मऊ काठी वाऱ्याखाली झुकते, पुढच्या आणि मागच्या शिडामधली फट बिघडते आणि होडी वाऱ्याच्या जवळून चालेनाशी होते. श्राउड नसलेल्या काठीत हा दोष झाकायला काहीच नसतं. श्राउड आणि त्यांना बाहेर ढकलणारे स्प्रेडर असतील तर स्प्रेडरची लांबी आणि कोन बदलून बऱ्याच गोष्टी सुधारता येतात, म्हणूनच अशा होडीत काठीची निवड थोडी चुकली तरी तगून जाते.

पाचवी पायरी: शीड

शिडाची पुढची कड, म्हणजे लफ, सरळ रेषेत कापलेली नसते. तिला थोडा फुगवटा दिलेला असतो, आणि डोलकाठी वाकली की तो फुगवटा तिच्यात सामावून शीड चपटं होतं. फुगवट्यापेक्षा काठी जास्त वाकली तर शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून काठीच्या मध्याकडे तिरक्या सुरकुत्या उमटतात. कमी वाकली तर शीड जोराच्या वाऱ्यातही पोट काढून उभं राहतं आणि होडी कलते. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठीसाठी कापलेलं शीड नव्या कार्बनच्या काठीवर चढवून ‘कार्बनने काही फरक पडला नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. फरक पडलेला असतो, पण तो शिडाने गिळलेला असतो.

तेव्हा काठी नक्की करण्याआधी सेलमेकरशी बोला. वाकाचे तिन्ही आकडे दोन्ही दिशांचे द्या, वजन सांगा. आहे त्या शिडाची पुढची कड पुन्हा कापून चालेल की नवीनच लागेल, हे त्याच्याकडून आधी कळलं पाहिजे, आणि तो खर्च डोलकाठीच्या खर्चातच धरायला हवा. दोन्हींना मिळून पैसे पुरत नसतील तर मी म्हणेन की थोडी जुनी पण जुळणारी काठी आणि नवं शीड घ्या.

सहावी पायरी: बांधणीबद्दल विचारायचे प्रश्न

कार्बन तंतू अनेक प्रतींचे असतात. नेहमीची प्रत, जिचा मॉड्युलस सुमारे २३०, चांगली चिवट असते. तोरे कंपनीचा टी७०० हा तंतू तुटण्याआधी सुमारे २.१ टक्के ताणला जातो. एम४०जे या ताठ प्रतीचा मॉड्युलस ३७७ आहे, पण तो १.२ टक्क्यांतच तुटतो. ताठ तंतूची काठी हलकी होते, भिंत पातळ होते, आणि धक्का, दगड, दुसऱ्या होडीचा बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) यांना ती कमी सोसते. उलटण्या, टकरी आणि किनाऱ्यावरची ओढाताण हे सगळं पहिल्या काही मोसमांत भरपूर होतं. नवख्याने नेहमीच्या प्रतीचीच काठी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

तंतूंच्या दिशेबद्दलही विचारा. लांबीच्या दिशेचे तंतू वाक पेलतात, ४५ अंशांचे पीळ पेलतात, आणि आडवे, नळीभोवती गुंडाळलेले तंतू भिंत चेपू देत नाहीत. डेकची जागा, गूजनेक म्हणजे बूमचा सांधा, स्प्रेडर आणि हाउंड इथे जादा थर दिलेत का? रेझिन आधीच मुरवलेलं कापड वापरून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली भाजलेली काठी सहसा जास्त घट्ट आणि एकसारखी निघते, पण चांगल्या हातांनी तंतू गुंडाळून बनवलेली काठीही उत्तम असू शकते. मी पद्धतीच्या नावापेक्षा, एकाच मॉडेलच्या दोन काठ्यांचे वाकाचे आकडे किती जवळ येतात यावर जास्त भरवसा ठेवतो. ते जवळ असतील तर कारखाना काळजीने काम करतो. काठी मोडलीच तर त्याच वाकाची दुसरी मिळते.

काठी हवाबंद आहे का, हेही विचारून घ्या. आत पाणी न शिरणारी काठी उलटलेल्या होडीला सहजी पूर्ण पालथी होऊ देत नाही, आणि ती उभी करणं सोपं जातं.

जोडकामाचं थोडक्यात सांगतो. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट नकोत, आणि धातूच्या भागाखाली विद्युतरोधक थर हवा. शीड वर चढवायच्या दोरीला वरच अडकवून ठेवणारं हॅलियर्ड लॉक असेल तर उत्तम. शीड वर चढवल्यावर दोरी टोकावरच्या पुलीवरून वळून खाली बांधली जाते, तेव्हा काठीवर दोरीच्या ताणाच्या दुप्पट दाब येतो. लॉकमुळे तो निम्मा होतो. आणि जोर येणाऱ्या जागी स्वतःहून नवी भोकं पाडू नका.

सातवी पायरी: जुनी घेत असाल तर

पहिली कार्बनची काठी बहुतेकजण जुनीच घेतात, आणि त्यात काही वावगं नाही. नीट सांभाळलेली काठी अनेक वर्षं आपला वाक टिकवून ठेवते. फक्त ती शिडाशिवाय, दोऱ्या काढून, भर उजेडात पाहायला मिळाली पाहिजे. होडीवर उभी असलेली काठी पाहून सौदा करू नका.

आधी ट्रॅकच्या, म्हणजे शीड सरकतं त्या खाचेच्या, रेषेत डोळा लावून बुडापासून टोकापर्यंत बघा. काठी एका बाजूला कायमची वळलेली असेल तर ती एका टॅकवर, म्हणजे वारा एका बाजूने घेताना, एक आणि दुसऱ्या टॅकवर दुसरी वागेल. मग ओल्या फडक्याने पुसून, नखाने चाचपत, आडव्या भेगा शोधा. लांबीच्या दिशेचे ओरखडे सहसा वरच्या लाखेतले असतात. आडवी भेग मात्र तंतू चेपल्याची खूण असू शकते आणि तिथूनच काठी मोडते. डेकची जागा, बूम जिथे जोडला जातो ती जागा, स्प्रेडरची मुळं आणि दोन तुकड्यांचा सांधा इथे सर्वांत जास्त वेळ द्या. त्यानंतर नाण्याने हलकेच टकटक करत संपूर्ण लांबी फिरा. चांगल्या लॅमिनेटचा आवाज खणखणीत येतो. मध्येच आवाज बसका झाला तर तिथे थर सुटलेले असण्याची शक्यता असते. आतून बुजवलेल्या किंवा जादा थराच्या जागीही आवाज बदलतो, म्हणून संशय आला की दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर वाजवून पाहा.

ट्रॅक चिकटवलेला असेल तर त्याच्या कडेने पातळ कागद शिरतो का बघा. वरची चमक उडून पृष्ठभाग खडू लागल्यासारखा झाला असेल तर उन्हाने एपॉक्सी खाल्ली आहे. वेळीच घासून अतिनील किरणं अडवणारी लाख दिली तर ती सावरते. घासताना मास्क मात्र लावायलाच हवा, कार्बनची धूळ फुफ्फुसांत जाऊ देऊ नका.

दुरुस्त केलेली काठी पाहताच नाकारू नका. आतून बाही बसवून आणि बाहेरून लांब उताराचा सांधा देऊन केलेली दुरुस्ती मजबूत असते. पण त्या जागी काठी ताठ होते आणि थोडी जडही, त्यामुळे दुरुस्तीनंतरचे वाकाचे आकडे हवेत, आणि क्लासला ती चालते का हेही. विकणाऱ्याने दुरुस्ती लपवली असेल तर मात्र सौदा सोडा.

आठवी पायरी: पहिले काही दिवस

नवी काठी बसवताना जुन्या काठीची मापं जशीच्या तशी उतरवू नका. डोलकाठीचा मागे कल, म्हणजे रेक, आणि श्राउडचा ताण क्लासच्या किंवा सेलमेकरच्या तक्त्यातून घ्या आणि तिथून सुरू करा. मध्यम वाऱ्यात एखाद्याला किनाऱ्यावरून किंवा दुसऱ्या होडीतून, वाऱ्यावर चढताना, बाजूने आणि मागून फोटो काढायला सांगा. फोटोत काठीच्या बुडापासून टोकापर्यंत सरळ रेषा ओढली की वाक कुठे आणि किती पडतो ते स्पष्ट दिसतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

दोन तुकड्यांची काठी असेल तर प्रत्येक वेळी सांध्यातली वाळू धुऊन काढा. आत राहिलेला एक कणसुद्धा खरवडत जातो आणि काठी अडकून बसते. गाडीवरून नेताना तिला किमान दोन मऊ आधार द्या आणि पट्टे हातानेच आवळा. खटक्याच्या पट्ट्याने आवळताना पातळ भिंत चेपली जाते आणि ते बाहेरून कळतही नाही. काळी काठी उन्हात फार तापते, म्हणून ठेवताना फिकट रंगाचं आवरण घाला आणि ती वजनाखाली वाकलेली राहणार नाही असं बघा.

आणि काठी उभी करण्याआधी वर बघा. कार्बनमधून वीज वाहते. किनाऱ्यावर ओढत नेताना वीजवाहिनी डोक्यावर असेल तर होडी आधी तिथून दूर न्या, मगच काठी उभी करा. वादळाचा गडगडाट सुरू झाला तर शर्यत सोडून किनाऱ्याला या.